'शुक्रतारा' : एका युगुलगीताचा इतिहास आणि त्यातील दुसरा आवाज

मराठी भावगीताच्या इतिहासात ज्या थोड्या युगुलगीतांना दीर्घ आयुष्य लाभले, त्यांत 'शुक्रतारा मंद वारा' या गीताचे स्थान वरचे आहे. मंगेश पाडगावकर यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची स्वररचना आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर अशा चौघांच्या योगाने १९६२ साली हे गीत मराठी श्रोत्यांसमोर आले. त्यानंतरच्या सहा दशकांत ते इतक्या निरनिराळ्या कंठांतून गाइले गेले आहे, की मूळ ध्वनिमुद्रण व पुनर्गायन यांचा परस्परसंबंध तपासण्यास इतके सोयीचे दुसरे मराठी उदाहरण मिळणे कठीण. या गीताचा इतिहास बहुधा एका गायकाच्या उदयाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. गीताची भाषा मात्र निराळी साक्ष देते. तिच्या व्याकरणात दोन आसने आहेत, आणि त्यांपैकी एकाचीच स्मृती नीट जपली गेली आहे.

गीताच्या निर्मात्यांची जन्मस्थळे प्रथम पाहावीत. पाडगावकर (१९२९–२०१५) वेंगुर्ल्याचे, म्हणजे कोकणच्या दक्षिण टोकाचे. खळे (१९२६–२०११) यांचा जन्म बडोद्याचा. दाते (१९३४–२०१८) इंदूरचे. सुधा मल्होत्रा यांचा जन्म १९३६ साली दिल्लीत झाला. मराठी ही त्यांची मातृभाषाच नव्हे. पुणे वा मुंबई येथे जन्मलेले या चौघांत कोणीही नाही. मराठी मनाचा अस्सल उद्गार म्हणून ज्या गीताकडे बोट दाखविले जाते, ते भाषेच्या सीमावर्ती प्रदेशांतून आलेल्या माणसांनी रचले व गाइले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने केवळ योगायोग म्हणून सोडून देऊ नये. दाते यांचे वडील रामूभैया हे इंदूरचे विख्यात रसिक. त्या घरात ख्याल, ठुमरी व गझल यांचा अखंड राबता होता. स्वतः अरुण दाते वस्त्रोद्योगाचे अभियांत्रिकी शिक्षण घेऊन त्या व्यवसायात राहिले, १९५५ पासून आकाशवाणीवर गाऊ लागले आणि आरंभी गझलच गात. आपल्या उच्चारावर हिंदी-उर्दूची छाया आहे या जाणिवेने मराठी गाण्याचा त्यांना प्रारंभी संकोच वाटत असे, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

मराठी गीतात स्त्रीचा उद्गार ही नवी वस्तू नव्हती. परंतु तो उद्गार स्त्रीच्याच कंठातून येणे ही गोष्ट बरीच अलीकडची होय. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात गवळणी रचल्या. त्यांतील गोपी प्रथमपुरुषी स्त्रीलिंगी क्रियापदांनी बोलते. कीर्तनात मात्र ती पदे पुरुषच म्हणत. शाहिरांच्या शृंगारिक लावण्यांत स्त्रीची व्याकुळता पुरुषाने शब्दबद्ध केली. किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र' (१८८२) या नाटकातील सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांनी रंगविली, आणि पुढे बालगंधर्वांनी ती परंपरा शिखरास नेली. तात्पर्य, रंगभूमीवरील प्रेमसंवाद दोन पुरुषांच्या कंठांतून चाले, आणि कोण कोणास उद्देशून बोलतो हे प्रेक्षकाला वेषावरून व व्याकरणावरून समजे. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करण्याची प्रथा १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांच्या नाटक मंडळीने आणि १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाने पुढे नेली. त्याच सुमारास तबकडीने आणखी एक बदल घडविला. तबकडीत वेष दिसत नाही. केवळ आवाज उरतो. तेव्हा स्त्रीच्या ओळी स्त्रीनेच म्हणणे ही आता कलेची गरज झाली. भावगीताचे आद्य गायक जी. एन. जोशी यांनी गांधारी हनगल यांच्यासमवेत 'चकाके कोर चंद्राची' हे द्वंद्वगीत ध्वनिमुद्रित केले. या गांधारी म्हणजे पुढे किराणा घराण्याच्या थोर ख्यालगायिका म्हणून मान्यता पावलेल्या गंगूबाई हनगल. त्यांची मातृभाषा कन्नड होती. मराठी युगुलगीताच्या आरंभकाळातही दुसरे आसन अन्यभाषक गायिकेकडे होते, हे येथे नोंदवून ठेवावे.

१९५२ नंतर केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि त्यांची जागा भरून काढण्यासाठी केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उघडण्यात आले. त्या धोरणाची थट्टा पुष्कळ झाली, आणि ती अस्थानी होती असे म्हणता येत नाही. परंतु मराठीला त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. कवी, संगीतकार व गायक यांना चित्रपटातील प्रसंगाच्या बंधनावाचून गीत रचण्याची संधी मिळाली. मुंबई केंद्रावरील यशवंत देव यांच्या 'भावसरगम' या कार्यक्रमातून अशी नवी गीते नियमाने श्रोत्यांपुढे येत. 'शुक्रतारा' हे त्याच वातावरणाचे अपत्य होय. त्यातील दोघांना नावे नाहीत, कथानक नाही, त्यांच्यामागे नट-नटी नाहीत. म्हणूनच त्यांच्या जागी कोणालाही उभे राहता येते. आणि पुनर्गायनाला अनुकूल अशी पहिली परिस्थिती हीच.

दुसरी परिस्थिती छंदाची. गीताची बांधणी देवप्रिया वृत्तात आहे : गालगागा या गणाची तीन आवर्तने आणि शेवटी गालगा, अशा एकूण २६ मात्रा. ध्रुवपदाची ओळ याच वृत्ताचा उत्तरार्ध आहे, गालगागा गालगा, म्हणजे १२ मात्रांची. अरबी-फार्सी छंदःशास्त्रात हेच वृत्त 'रमल' या बहराचा एक प्रकार म्हणून ओळखले जाते आणि उर्दू गझलेत ते अतिशय रूढ आहे. माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात फार्सी वृत्तांचा मराठी पद्यरचनेशी जो सांधा जुळविला, त्यामुळे पाडगावकरांच्या पिढीला हे वळण परके राहिले नव्हते. इंदूरच्या गझलगायकाला मराठीत आल्यावर पहिले पाऊल ओळखीच्या भूमीवर टाकता आले, ते या वृत्तामुळे, असे म्हणावयास हरकत नसावी. चालीचे श्रेय अर्थातच खळ्यांचे. वृत्त केवळ पाया पुरविते.

गीतातील शब्दरूपांवरही वृत्ताने आपली खूण ठेवली आहे. 'जवळ' या अव्ययाचे 'जवळी' हे काव्यरूप, '-तून' या प्रत्ययाचे '-तुनी' असे दीर्घान्त रूप, ध्रुवपदातील आज्ञार्थी क्रियापदाचा ऱ्हस्व केलेला पहिला स्वर, ही सारी रूपे मात्रांच्या मागणीतून आलेली आहेत. ती आज कोणत्याही बोलीत नाहीत. वेंगुर्ल्यात कोणी तशी बोलत नाही, पुण्यात नाही आणि पैठणातही नाही. ही भाषा सर्वांपासून सारख्याच अंतरावर आहे. या काव्यभाषेवर कृत्रिमतेचा आक्षेप वारंवार घेतला जातो, परंतु तिच्या एका गुणाकडे टीकाकारांचे दुर्लक्ष झाले आहे. जी भाषा कोणाचीच बोली नाही, तीत परभाषिकाला परका ठरविण्याचे साधनही फारसे उरत नाही. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या, शासनाची व उच्च शिक्षणाची भाषा म्हणून उर्दू अनुभवलेल्या मराठवाड्यातील श्रोत्यालाही त्या भाषेत पुणेरी श्रोत्याइतकाच प्रवेश होता.

तरीही उच्चाराची कसोटी राहतेच. मराठीत च, ज, झ या वर्णांचे दोन उच्चार आहेत, तालव्य व दंततालव्य; हिंदीत एकच आहे, तालव्य. लिपी हा भेद दाखवीत नाही. 'चंद्र' आणि 'चांदणे' हे दोन्ही शब्द या गीताच्या आरंभीच येतात. अर्थाने जवळचे, लेखनात एकाच वर्णाने सुरू होणारे, पण पहिल्यातील 'च' तालव्य आणि दुसऱ्यातील दंततालव्य. 'जन्म' मधील 'ज' एक, 'जवळी' मधील दुसरा. शिवाय 'जवळी' मध्ये 'ळ' आहे, जो प्रमाण हिंदीत नाही. हा शब्द ध्रुवपदात असल्यामुळे प्रत्येक कडव्याच्या शेवटी गायकाची व गायिकेची एकदा तरी परीक्षा होते. लिखित संहिता समोर धरून हा भेद कळत नाही. तो कानानेच घ्यावा लागतो. सुधा मल्होत्रा यांनी तो घेतला, आणि साठ वर्षे मराठी श्रोता त्या आवाजाला आपला मानीत आला आहे. हे श्रम त्यांच्या नावावर क्वचितच मांडले जातात. 'दीदी' (१९५९) या चित्रपटातील स्वतः स्वरबद्ध केलेल्या गीतामुळे हिंदी जगत त्यांना स्मरते; १९६० मध्ये विवाहानंतर त्यांनी पार्श्वगायन जवळजवळ थांबविले होते; २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठीत मात्र पुष्कळदा त्यांचा उल्लेख 'दात्यांबरोबरची गायिका' एवढ्यावरच संपतो.

आता या गीताच्या व्याकरणातील मर्मस्थानाकडे वळावयाचे. ध्रुवपद दोघांचेही एकच आहे. त्यातील केवळ एक शब्द पालटतो : पुरुष 'अशी' म्हणतो, स्त्री 'असा' म्हणते. हे लिंग बोलणाऱ्याचे नव्हे, ज्याला उद्देशून बोलले जाते त्याचे आहे. 'जातो', 'जाते' अशा प्रथमपुरुषी रूपांत वक्ता आपले स्वतःचे लिंग सांगतो. येथे तो समोरच्याचे सांगतो. परिणामी पुरुषाच्या मुखात स्त्रीलिंगी रूप आणि स्त्रीच्या मुखात पुल्लिंगी रूप येते. दोन्ही रूपे लघु-गुरू अशा एकाच मापाची असल्याने वृत्ताला कोठेही धक्का लागत नाही. चालीत फेरफार करण्याची गरज पडत नाही. पालटतो तो अखेरचा स्वर. पुरुषाला संवृत 'ई' वर थांबावयाचे आहे, स्त्रीला विवृत 'आ' वर. गाणाऱ्याला हा फरक लहान वाटत नाही. विवृत स्वरावर आवाज मोकळा होतो. प्रत्येक कडव्याच्या शेवटी दोघांपैकी एक जण दुसऱ्याची उपस्थिती एका स्वराने सिद्ध करतो. दुसरा नसेल तर हे रूप निराधार होते.

छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद, येथील वाचकाला या रचनेचे वेगळेपण विशेष जाणवावे. कारण याच नगरीत याच्या उलट रीतीचे काव्य वाढले. वली (१६६७–१७०७) आणि सिराज (१७१५–१७६३) हे दोघेही औरंगाबादी म्हणून ओळखले जातात. उर्दू गझलेच्या रूढ संकेतानुसार प्रियव्यक्तीचा उल्लेख, ती कोणीही असो, व्याकरणदृष्ट्या पुल्लिंगीच होतो. त्यापूर्वीच्या दखनी काव्यात स्त्रीने प्रियकराला उद्देशून बोलण्याची हिंदी परंपरेतील रीतही होती, आणि सतराव्या शतकात विजापूरच्या हाशमीने स्त्रियांच्या बोलीतच गझला रचल्या; परंतु पुढे फार्सी संकेताची सरशी झाली. या संकेताचा व्यावहारिक परिणाम असा, की गझल कोणत्याही कंठात, एकाही अक्षराचा बदल न करता, बसते. सिराजची प्रेमाच्या विस्मयावरील विख्यात गझल आबिदा परवीन यांनी गाइली, पुरुष गायकांनीही गाइली. व्याकरण कोठेही आडवे आले नाही. गझलेला एकच आसन असते आणि त्यावर कोणीही बसावे. 'शुक्रतारा' ने वृत्त गझलेचे घेतले, गायकही गझलेचा घेतला, पण आसने दोन मांडली.

या दोन आसनांचा पुढील इतिहास सारखा नाही. पुरुषाचे आसन अरुण दाते यांनी सुमारे अर्धशतक सोडले नाही. 'शुक्रतारा' हे नाव त्यांच्या मैफलीचेच नाव झाले. २०१० मध्ये जाहीर गायनातून निवृत्त होईपर्यंत त्यांच्या भावगीतांच्या कार्यक्रमांची संख्या २,५०० च्या वर गेली होती. त्यांच्यासमवेत युगुलगीते गाणाऱ्यांत लता मंगेशकर, आशा भोसले, सुमन कल्याणपूर, अनुराधा पौडवाल, कविता कृष्णमूर्ती अशी नावे आहेत. त्यांतील शेवटची गायिका पुन्हा जन्माने अमराठी. रंगमंचावर मात्र हेच गीत गावयास दर दौऱ्यात नवी सहगायिका लागे. श्रोत्यांच्या दृष्टीने दाते गात होते ते 'मूळ' आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली गाते ते 'पुनर्गायन'. एकाच गीताचा अर्धा भाग मूळ आणि अर्धा भाग पुनर्गायन, अशी विचित्र स्थिती वर्षानुवर्षे टिकली. तिची चमत्कारिकता कोणास जाणवली नाही, हेच अधिक चमत्कारिक.

त्या गायिकांनी काय केले? ध्वनिमुद्रणातील पहिल्या गायिकेच्या हरकती जशाच्या तशा उतरविणे हा एक मार्ग होता, आणि श्रोत्यांचा आग्रह बहुधा त्यालाच असे. परंतु खळ्यांच्या चालींत शब्दाशब्दामधील वळणे इतकी नाजूक असतात, की नुसत्या अनुकरणाने ती साधत नाहीत; प्रत्येकीला श्वास कोठे घ्यावा हे स्वतःच ठरवावे लागते. ख्यालगायनात अशा स्वतंत्र निर्णयाला आपण 'गायकी' म्हणतो आणि त्याचा गौरव करतो. भावगीताच्या रंगमंचावर त्याला 'साथ' म्हणण्याची पद्धत पडली. शब्द लहान आहे, पण मूल्यमापन त्यातच झालेले आहे.

कायद्याची भूमिकाही काही काळ अशीच होती. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने शब्दांवर कवीचा, चालीवर संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणावर ते करविणाऱ्या कंपनीचा हक्क मान्य केला. गाणाऱ्याचा हक्क त्यात नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा सादरीकरणाचा हक्क प्रथम आला, आणि व्यापारी वापराबद्दल मानधनाचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीने. उलट पुनर्गायनाला वाव १९५७ पासूनच होता : मूळ ध्वनिमुद्रण झालेले असले, की सूचना देऊन व स्वामित्वधन भरून दुसऱ्याने नवे ध्वनिमुद्रण करावे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा या तरतुदीचा उपयोग करून जुन्या गीतांच्या नव्या आवाजांतील आवृत्त्यांचा मोठा बाजार उभा राहिला. 'कव्हर व्हर्जन' हा शब्द आपल्याकडे रुळला तो त्या व्यापारामुळे. मराठीतील 'पुनर्गायन' या शब्दात कृतीवर भर आहे, इंग्रजी शब्दात वस्तूवर; आणि रंगमंचावरील गायनाला मराठी शब्दच अधिक योग्य.

अलीकडे या गीताच्या बाबतीत एक नवी अडचण दिसू लागली आहे. घरी बसून, एखाद्या गिटारीच्या साथीने, एकट्याने गीत गाऊन ते प्रसृत करण्याची सोय झाल्यापासून युगुलगीताचे एकल गायन वाढले. 'शुक्रतारा' त्याला सहज वश होत नाही. एकटा गायक केवळ आपल्या वाट्याची कडवी गाऊन थांबला तर गीत अर्धे राहते. त्याने सर्व कडवी गाऊन सर्वत्र 'अशी' केले तर ध्रुवपद निभावते, पण इतर ठिकाणची लिंगवाचक रूपे व संबोधने उघडी पडतात. दोन्ही रूपे जशीच्या तशी ठेवली, तर तो दुसऱ्याचे बोलणे उद्धृत करणारा निवेदक होतो. म्हणजे एकनाथी गवळण म्हणणाऱ्या कीर्तनकाराच्या जागी तो पुन्हा येऊन पोचतो. पुरुषाने पुरुषाला वा स्त्रीने स्त्रीला उद्देशून हे गीत गाइले आणि त्यातून निघणारा अर्थ मनापासून स्वीकारला, तर व्याकरणाची त्याला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती फक्त समोर कोणी नसण्याला.

२०१८ च्या मे महिन्यात दाते निवर्तले आणि पुरुषाचे आसनही मोकळे झाले. त्यांचे पुत्र अतुल दाते यांनी 'नवा शुक्रतारा' या नावाने कार्यक्रम चालविला आहे; त्यात पुरुषाचा आवाज मंदार आपटे यांचा. आता प्रथमच दोन्ही आवाज पुनर्गायनाचे आहेत, आणि शेजारची गायिका शेजारच्या गायकाइतकीच नवी आहे. ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीने नियम बदलले : आता दोन वर्षांऐवजी पाच कॅलेंडर वर्षे थांबावे लागते, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन भरावे लागते, आणि हे पुनर्गायन आहे असे वेष्टनावर छापावे लागते. ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणून पूर्वीच्या ध्वनिमुद्रणातील कोणत्याही गायकाचे नाव वा चित्र त्या वेष्टनावर देण्यास मनाई आहे. सुधा मल्होत्रा यांनी घडविलेले दुसरे आसन यापुढे नव्याने ध्वनिमुद्रित झाले, तर या तरतुदीनुसार त्याच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापता येणार नाही.